लिंबू-चमचा पुरे झाला

महिला दिनाचा कार्यक्रम असो, सोसायटीचे हळदीकुंकू असो की एखाद्या मंडळाचा मेळावा असो, बायकांसाठी स्पर्धा ठेवायची म्हटली की दोन खेळ ठरलेले असतात. संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा. यातला लिंबू-चमचा हा मोठा बोलका खेळ आहे. नाव शर्यतीचे, पण जी धावेल तिचे लिंबू पडणार आणि ती बाद होणार. जिंकायचे असेल तर दातात चमचा धरून, तोंड बंद ठेवून, नजर खाली लावून, तोल सांभाळत चालायचे. बाईने आयुष्यभर कसे वागावे याचा हा एक छोटासा धडाच म्हणायचा. आणि पन्नाशी-साठीच्या बायकांना याहून वेगळे काही खेळावेसे वाटेल, अशी तर कुणाला शंकाही येत नाही.

म्हणून चारकोपमध्ये आमच्या ओळखीच्या काही पळणाऱ्या बायकांनी अलीकडे जो बदल केला आहे, त्याबद्दल लिहावेसे वाटते. या बायका पन्नाशीच्या पुढच्या आहेत. दहा-बारा वर्षे त्या लांब पल्ल्याचे धावत आल्या. कुणी दहा किलोमीटर, कुणी अर्धी मॅरेथॉन. आता त्यांनी आठवड्याचे किलोमीटर जवळजवळ निम्मे केले आहेत, आणि एक-दोन दिवस त्या साठ, ऐंशी, शंभर मीटर धावतात. तेही जीव लावून, वेगात. घरच्यांना हे विचित्र वाटते. ‘या वयात कमी करायचे ते ठीक, पण जोरात कशाला?’ असा प्रश्न येतो. बरोबरच्या काही धावणाऱ्या मैत्रिणींनाही वाटते की ही माघार आहे.

मला तसे वाटत नाही. माझे म्हणणे असे की वेग हा बाईकडून सगळ्यात आधी काढून घेतला जातो आणि सगळ्यात शेवटी परत मागितला जातो. तो परत मागताना विश्रांती, पोटभर अन्न आणि मोकळी जागा या तीन गोष्टीही मागाव्या लागतात. त्या न मागता वेगाने धावताच येत नाही. म्हणून हा व्यायामाचा प्रश्न तर आहेच, पण आपल्या चळवळीचाही प्रश्न आहे.

चारकोपच्या बायका धावायला कशा लागल्या

चारकोपची आजची वस्ती म्हाडाच्या योजनेतून उभी राहिली. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ पासून मुंबईत जो नागरी विकास प्रकल्प राबवला गेला, त्यात चारकोप, गोराई, मालवणी अशा ठिकाणी लहान लहान प्लॉट आखून दिले गेले. रस्ता, पाणी, गटार सरकारने द्यायचे आणि घर ज्याचे त्याने जमेल तसे बांधायचे, अशी ती कल्पना. कागदावर ‘ज्याचे त्याने’ लिहिलेले असले तरी विटा मोजून घेणाऱ्या, सिमेंटवर पाणी मारणाऱ्या, पागोळ्यांखाली भांडी लावून पोरांना झोपवणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. तेव्हा पंचवीस-तिशीत असलेल्या त्या बायका आज साठीच्या आसपास आहेत. खोलीवर खोली चढली, मुले मार्गाला लागली, आणि मग कधीतरी डॉक्टरांनी साखर किंवा रक्तदाब दाखवून ‘रोज चालत जा’ असे सांगितले.

चालण्यापासून सुरुवात झाली. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाल्यावर उपनगरांत धावण्याची हवा पसरली. चालणाऱ्या बायकांपैकी काहीजणी हळूहळू धावू लागल्या. पहाटे, अंधार असताना, लिंक रोडच्या कडेने किंवा सेक्टरच्या रस्त्यांवरून. अंधार सोयीचा होता. कोण धावते आहे हे कुणाला दिसत नसे, आणि घरात दूध तापायच्या आत परत येता येत असे. लांब, सावकाश, एका लयीत धावणे हे चालण्याला जवळचे असल्यामुळे घरातून त्याला फारसा विरोध झाला नाही. ‘तब्येतीसाठी’ हा परवाना मिळालेला होता.

या धावण्याने बायकांना खूप काही दिले, हे आधी मान्य केले पाहिजे. स्वतःचा असा एक तास मिळाला. मैत्रिणी मिळाल्या. साखर आटोक्यात आली. इतकी वर्षे दुसऱ्यांसाठी झिजलेले शरीर आपलेही आहे, ही जाणीव झाली. त्यामुळे लांब पल्ल्याला नावे ठेवण्याचा येथे मुळीच हेतू नाही.

लांब पल्ला आपण भांडून मिळवला

लांब पल्ला बायकांना कुणी आपणहून दिला नव्हता. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी पहिल्यांदा ८०० मीटरची शर्यत झाली. जर्मनीची लीना राड्के जिंकली. शर्यत संपल्यावर काही धावपटू दमून बसल्या, जसे पुरुषही बसतात. वर्तमानपत्रांनी मात्र बायका पटापट कोसळल्याच्या अतिरंजित बातम्या दिल्या, आणि ही शर्यत बायकांच्या प्रकृतीला झेपत नाही असे ठरवून ती १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून बंद ठेवली गेली. १९६७ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्विट्झर नंबर लावून धावत होती, तेव्हा एका अधिकाऱ्याने तिला धरून बाहेर काढायचा प्रयत्न केला. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती थेट १९८४ साली, लॉस एंजेलिसला. दहा हजार मीटर १९८८ ला, पाच हजार मीटर १९९६ ला.

तेव्हा प्रश्न योग्यच आहे की इतक्या झगड्यानंतर मिळालेला पल्ला आपण का सोडायचा? त्याचे उत्तर असे की बायका भांडल्या त्या निवडीच्या हक्कासाठी. मॅरेथॉन धावण्याचा हक्क म्हणजे मरेपर्यंत मॅरेथॉनच धावण्याची सक्ती होत नाही. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली ललिता बाबर घ्या. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे ती पहिली आली. त्यानंतर तिने ४२ किलोमीटर बाजूला ठेवून ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, हाती घेतली, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावून दहावी आली. पी. टी. उषाच्या १९८४ च्या शर्यतीनंतर ३२ वर्षांनी एका भारतीय स्त्रीने ट्रॅकवरची अंतिम फेरी गाठली होती. तिने पल्ला कमी केला म्हणून कुणी तिला माघार घेतली असे म्हटले नाही. मग पंचावन्न वर्षांच्या बाईनेही आपल्या शरीराकडे पाहून पल्ला बदलला तर त्याला माघार का म्हणायचे?

शरीरात काय होते

हा बदल शरीराच्या दृष्टीने का शहाणपणाचा आहे, हे थोडक्यात समजून घेऊ.

आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. एक सावकाश काम करणारे आणि लवकर न थकणारे, दुसरे झटकन जोर लावणारे पण लवकर थकणारे. वय वाढते तसे हे दुसरे, जोराचे तंतू आधी बारीक होत जातात. सावकाश धावण्यात त्यांना फारसे कामच पडत नाही. त्यामुळे एखादी बाई दहा किलोमीटर आरामात धावते, पण बस सुटताना पायरीवर झटकन पाय टाकायला कचरते, असे दिसते. न्हाणीघरात पाय घसरला तर तोल सावरायला दम उपयोगी पडत नाही, तिथे हाच झटका लागतो.

दुसरी गोष्ट हाडांची. पाळी थांबल्यावर शरीरातले इस्ट्रोजेन कमी होते आणि हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात. हाडाला मजबूत राहण्यासाठी भार लागतो, आणि एकसारख्या हलक्या भारापेक्षा थोडा वेळच पण जोराचा भार त्याला जास्त जागे करतो. उतारवयातही स्पर्धांत धावणाऱ्यांचे जे अभ्यास झाले आहेत, त्यांत वेगाच्या शर्यती धावणाऱ्यांची पायाची हाडे लांब पल्ल्याच्या धावकांपेक्षा मजबूत आढळली आहेत. याचा अर्थ वेगाने धावणे हे ठिसूळ हाडांवरचे औषध आहे असा नव्हे. ज्यांची हाडे आधीच विरळ झाली आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. पण जी बाई वर्षानुवर्षे धावत आली आहे, तिने आणखी पाच किलोमीटर वाढवण्यापेक्षा पाच छोट्या धावा घालणे अधिक उपयोगाचे ठरू शकते.

तिसरी गोष्ट मला फार आवडली. वयस्क धावपटूंच्या अभ्यासांत असे दिसते की वय वाढल्यावर वेग कमी होतो तो मुख्यतः पावलाची लांबी घटल्यामुळे आणि पाय जमिनीवर जास्त वेळ टेकून राहिल्यामुळे. पावले टाकण्याची गती त्यामानाने फारशी कमी होत नाही. म्हणजे पायांची चपळाई बरीचशी शिल्लक असते, उणा पडतो तो जमिनीला मागे रेटण्याचा जोर. आणि जोर सरावाने कमावता येतो, साठीतही.

वेग कधी हरवला

पण प्रश्न फक्त स्नायूंचा असता तर हा लेख व्यायामाच्या पुस्तकात शोभला असता. आपल्या बायकांचे वेगाशी असलेले नाते वयामुळे तुटलेले नाही. ते बारा-तेराव्या वर्षीच तोडले गेले आहे.

आठवून पाहा, आपण लहानपणी काय खेळत होतो. शिवणापाणी, लगोरी, लंगडी, खो-खो, साखळीची पकडापकडी. सगळे खेळ वेगाचे, झटक्याचे, अचानक वळण्याचे. खो-खोमध्ये तर पाठलाग करणारीला काही पावलांतच पूर्ण वेग घ्यावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारतीय महिलांनी तो जिंकला, त्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे महाराष्ट्राकडून खेळणारी. म्हणजे आपल्या मातीत मुलींच्या वेगाला तोटा नाही. मंगळागौरीची फुगडी आणि झिम्मा आठवा. फुगडीचा वेग वाढत जातो तसे भोवतीच्या बायका ओरडून बळ देतात. पण ती फुगडी चार भिंतींच्या आत, बायकांच्यात आणि एका रात्रीपुरती.

पाळी आली की फर्मान निघते. धावू नकोस, उड्या मारू नकोस, हळू चाल, पाय आपटू नकोस. मुलगी वयात आल्याची पहिली खूण म्हणजे तिचा मैदानातला वेग थांबणे. त्याच वयात तिच्या भावाला मैदान मिळते. पुढे लग्न, बाळंतपणे, घर, नोकरी. त्यात धावाधाव भरपूर असते, पण ती दुसऱ्यांच्या घड्याळावर. आणि पाळी थांबली की तेच फर्मान पुन्हा येते. आता हळू, आता जपून, आता वय झाले. एका बाईच्या आयुष्यात पाळी येण्याचे कारण तेच, आणि पाळी जाण्याचेही कारण तेच. मग वेगाने धावायचे वय नेमके कोणते?

त्यामुळे साठीच्या बाईने मैदानाच्या मधोमध, दिवसाउजेडी, हात हलवत, छाती पुढे काढून, तोंड वेडेवाकडे करत शंभर मीटर धावणे ही साधी गोष्ट राहत नाही. सावकाश धावणारी बाई रस्त्याच्या कडेने नजरेआडून निघून जाते. वेगाने धावणारी लपू शकत नाही. बाकावर बसलेले लोक हसतात. ‘आजी, कोण मागे लागले?’ असे विचारतात. मागे कुणी लागल्याशिवाय बाई धावेल, हे त्यांच्या कल्पनेत बसत नाही.

सोसण्याचे कौतुक

आपल्या समाजाला धावणाऱ्या म्हाताऱ्या बाईचे वावडे आहे असे म्हणता येणार नाही. बारामतीच्या लता करे यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. पतीच्या उपचारासाठी पैसे हवे होते म्हणून साठी ओलांडलेली ही कष्टकरी बाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी, ज्येष्ठ नागरिकांच्या शर्यतीत धावली आणि जिंकली. एकदाच नव्हे, पुढेही जिंकली. त्यांच्यावर २०२० साली ‘लता भगवान करे’ हा मराठी चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतः काम केले आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. लताबाईंच्या हिमतीला सलाम करावा तेवढा थोडा.

पण ज्या तऱ्हेने त्यांचे कौतुक झाले ते तपासून पाहायला हवे. पतीसाठी धावली, कुंकवासाठी धावली, आधुनिक सावित्री, अशा शब्दांत आपण त्या धावेला बसवले. एका म्हाताऱ्या बाईला नवऱ्याच्या तपासणीच्या पैशांसाठी अनवाणी धावावे लागते, याची लाज आरोग्यव्यवस्थेला वाटायला हवी होती. ती बाजूला राहिली आणि सोशिकपणाचा हार लताबाईंच्या गळ्यात पडला. बाई धावू शकते, पण दुसऱ्यासाठी. बाई दमू शकते, पण तक्रार न करता.

लांब पल्ल्याच्या धावण्यात हा धोका नेहमी असतो. दम, चिकाटी, वेदना गिळून पुढे जाणे हे त्याचे गुण, आणि नेमके हेच गुण घराने बाईकडून आधीच वसूल केलेले असतात. गुडघा दुखत असताना, रात्री दोन वाजेपर्यंत आजारी माणसाजवळ जागून, पहाटे पुन्हा बारा किलोमीटर धावायला आलेली बाई आपल्यात कौतुकाचा विषय होते. मला ते कौतुक खटकते. घरात सोसायचे आणि रस्त्यावरही सोसायचे, तर मग धावण्याने आपल्याला मोकळे काय केले?

याच्या उलट दोन नावे पाहा. पंजाबच्या मान कौर यांनी ९३ व्या वर्षी धावायला सुरुवात केली आणि २०१७ साली ऑकलंडच्या जागतिक मास्टर्स स्पर्धेत १०१ व्या वर्षी १०० मीटर धावून सुवर्णपदक घेतले. त्या २०२१ मध्ये वारल्या. भगवानी देवी डागर यांनी २०२२ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी, फिनलंडमध्ये १०० मीटर २४.७४ सेकंदांत धावून सुवर्णपदक मिळवले. दोघींनीही छोटी शर्यत निवडली. कुणाच्या औषधासाठी त्या धावल्या नाहीत. धावाविशी वाटली म्हणून धावल्या. म्हाताऱ्या बाईने कशासाठीही नव्हे, नुसतेच जोरात धावावे, ही कल्पना रुजायला आपल्याकडे अजून वेळ लागेल.

विश्रांती, अन्न आणि जागा

वेगाच्या सरावाचा पहिला नियम विश्रांतीचा आहे. साठ मीटर जोरात धावल्यावर दोन-तीन मिनिटे पूर्ण थांबायचे, श्वास जागेवर आला की पुढची धाव. अशा चार ते सहा धावा पुरतात. त्यानंतर पुन्हा असा सराव करण्यापूर्वी निदान दोन दिवस जाऊ द्यायचे. हे बायकांना धावण्याहून कठीण जाते. आमच्यातल्या कितीतरी जणी धावेच्या मध्ये थांबायला तयार नसतात. नुसते उभे राहणे त्यांना अपराधासारखे वाटते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरातल्या बिनमोबदला कामात स्त्रिया दिवसाला २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे, असे दिसले. रोज जवळजवळ पाच तास. सरावाच्या आदल्या रात्री झोप झालेली नसेल आणि घरी जाऊन लगेच कपड्यांची बादली उचलायची असेल, तर ताणलेला स्नायू भरून कधी यायचा? म्हणून ज्या बाईला वेगाने धावायचे आहे तिला घरात सांगावेच लागते की आज स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करा. लांब पल्ला पहाटे चोरून धावता येतो. वेगासाठी घरातल्या कामाची वाटणी करावी लागते.

दुसरा नियम अन्नाचा. स्नायू बांधायला प्रथिने लागतात, एक किलो वजनामागे रोज साधारण एक ग्रॅम तरी. साठ किलोच्या बाईला साठ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात, वाटीभर शिजलेल्या डाळीत साधारण तेवढेच. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेल्या आमटीच्या पाण्याशी भात कालवणाऱ्या बाईच्या पोटात किती जाते, याचा हिशेब तुम्हीच करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. आणि ही मोजणी ४९ ला थांबते. मूल होण्याचे वय सरले की बाईचे रक्त मोजायची गरज संपते, असाच त्याचा अर्थ लागतो. तेव्हा सराव सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब तपासून घ्या, आणि घरात ताटे वाढताना स्वतःचे ताट पहिल्या पंगतीत मांडा.

तिसरा नियम जागेचा. लांब धावायला रस्ता चालतो. वेगाने धावायला सपाट माती किंवा गवत लागते, निदान ऐंशी मीटर सलग, मध्ये खड्डा, खडी, कुत्रे, दुचाकी नसलेले. सिमेंटवर जोरात धावणे म्हणजे पोटऱ्या आणि टाचेवरची शीर दुखावून घेणे. चारकोप आखताना मैदानांसाठी जागा सोडलेल्या आहेत. पण मैदान कुणाचे असते हे आपल्याला माहीत आहे. संध्याकाळी क्रिकेटच्या एकावर एक चढलेल्या खेळपट्ट्या, सणासुदीला मांडव, मांडव गेला की खिळे आणि खड्डे. कांदिवली पूर्वेला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे मोठे केंद्र आहे, पण चारकोपहून तिथे जायचे तर लिंक रोड, एस. व्ही. रोड, रेल्वे आणि द्रुतगती मार्ग असे सगळे ओलांडायचे. घर सांभाळून रोज पहाटे ते कुणाला जमणार?

आणि मैदानावर स्वच्छतागृह हवे. हे स्पष्ट बोलायला हवे, कारण आपण एकमेकींतही बोलत नाही. बाळंतपणे झालेल्या, पाळी थांबलेल्या अनेक बायकांना खोकताना, शिंकताना, उडी मारताना लघवीचे थेंब गळण्याचा त्रास असतो. काहींचे अंग बाहेर येते. वेगाने धावताना तो त्रास वाढतो आणि बाई काही न सांगता यायची बंद होते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे सोपे व्यायाम आहेत, त्यांनी थेंब गळणे बरेच कमी होते. अंग बाहेर येत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावे, तोवर जोराची धाव नको. यात लाजण्यासारखे काहीही नाही. मुंबईत २०११ पासून चाललेल्या ‘राईट टू पी’ मोहिमेने बायकांच्या मुताऱ्यांचा प्रश्न महापालिकेपुढे नेला. मैदाने त्या मागणीत यायला हवीत.

‘हे सुखवस्तूंचे चोचले’

आपल्यातल्याच काही कार्यकर्त्या म्हणतील की घरकाम करणारी बाई चार मजले चढते-उतरते, लोकल पकडायला धावते, तिला आणखी कसला वेग शिकवता? आक्षेप गंभीर आहे. पण कष्ट आणि सराव यांत फरक आहे. कष्टात मध्ये थांबता येत नाही, दुखले तरी सुट्टी नसते आणि किती करायचे हे मालकीण ठरवते. त्याने शरीर घडत नाही, झिजते. चार घरची धुणी करणाऱ्या बाईचे खांदे आणि कंबर पन्नाशीतच जातात ते म्हणूनच. तिला धावायला सांगण्याआधी तिला आठवड्याची पगारी सुट्टी मिळाली पाहिजे. विश्रांतीची मागणी सगळ्यात आधी तिची आहे. साठीच्या बाईच्या शंभर मीटरांपासून निघालेली वाट तिच्या सुट्टीपर्यंत पोचत नसेल, तर आपण मध्येच कुठेतरी थांबलो असे समजावे.

दुसरा आक्षेप दुखापतीचा. तो खराही आहे. मांडीच्या मागचा स्नायू एका झटक्यात दुखावतो आणि महिना-दीड महिना घेतो. म्हणून घाई नको. ज्यांना धावायची मुळीच सवय नाही त्यांनी काही महिने चालणे, हळू धावणे आणि उठाबशा यांपासून सुरुवात करावी. ज्या आधीपासून धावतात त्यांनी आधी किलोमीटर कमी करावेत आणि मग वेग घालावा. दोन्ही एकदम वाढवू नये. पंधरा-वीस मिनिटे अंग तापवल्याशिवाय जोरात धावू नये. पहिले काही आठवडे हलक्या चढावर धावावे, चढावर पाऊल आपोआप आखूड पडते आणि मांडीवर ताण कमी येतो. छातीत दुखले, चक्कर आली तर लगेच थांबावे आणि दाखवून घ्यावे. पूर्ण जोर लावायची गरज नाही, दहातला आठ-नऊ इतका पुरे. भीती घालून बाईला घरी बसवण्यापेक्षा एवढी माहिती देणे सोपे आहे.

आपण काय करू शकतो

मैत्रिणींनो, आपल्या गटांनी मनावर घेतले तर तीन-चार गोष्टी लगेच होण्यासारख्या आहेत. आपापल्या प्रभागातल्या मैदानाची एक कडेची पट्टी धावण्यासाठी मोकळी आणि सपाट ठेवावी, तिथे दिवे आणि स्वच्छतागृह असावे, असा अर्ज सह्यांसह महापालिकेच्या विभाग कार्यालयात द्यावा. आठवड्यातले दोन तास बायकांसाठी राखून मागावेत, आणि ते पहाटेच्या अंधारात नव्हे, उजेडात. आरोग्याच्या शिबिरांत पाळी थांबल्यानंतरच्या शरीरावर एक सत्र ठेवावे आणि त्यात हाडे, थेंब गळणे, रक्तक्षय यांवर उघड बोलावे. मास्टर्स स्पर्धांत पस्तिशीपासून पुढे दर पाच वर्षांचा वयोगट असतो, शंभरीपर्यंत. तिथे आपल्या वस्तीतल्या बायकांना घेऊन जावे. सत्तरीच्या दोन बायका एकमेकींशी शर्यत लावताना पाहणे, हे कोणत्याही भाषणापेक्षा लवकर समजते.

आणि येत्या ८ मार्चला लिंबू-चमचा ठेवू नये. त्याऐवजी मैदानात चुन्याच्या दोन रेघा माराव्यात, पन्नास मीटर अंतरावर. चाळिशीच्या, पन्नाशीच्या, साठीच्या, सत्तरीच्या वेगवेगळ्या धावा लावाव्यात. साडी, सलवार, लुगडे, जे अंगावर असेल ते खोचून धावावे. ज्यांना धावता येत नाही त्यांनी शेवटच्या रेघेवर उभे राहून ओरडावे. दातात चमचा नसला की तोंड मोकळे असते.